मी पाणबुडी शाखा घेतली आहे

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

फोनवर आईचा आवाज ऐकला की सांगायचं राहूनच जातं, म्हणून लिहितोय. नौदलाच्या पाणबुडी शाखेसाठी मी नाव दिलं होतं आणि निवड झाली. होकार कळवून टाकलाय.

बाबा, तुमच्या मनात सगळ्यात आधी आपली युद्धनौका खुकरी आली असणार. ती बुडाली तो ९ डिसेंबर आला की तुम्ही दिवसभर कुणाशी बोलत नाही, ते मी लहानपणापासून पाहतोय. तिला बुडवणारी पाणबुडीच होती आणि पोरगा त्याच वाटेला जातोय. पण १९७१ च्या त्याच युद्धात आपली कुरसुरा पाणबुडीही होती. लढाईला तोंड फुटायच्या आधीच, नोव्हेंबरात ती अरबी समुद्रात गस्तीवर होती. हुकूम कडक होते: ठरावीक जहाजमार्ग ओलांडायचे नाहीत आणि समोरचं जहाज शत्रूचंच आहे याची खात्री पटल्याशिवाय हल्ला करायचा नाही. ३० नोव्हेंबरला समुद्रातच आपल्याच करंज पाणबुडीची गाठ घेऊन ती गस्तीच्या दुसऱ्या भागात गेली, ४ डिसेंबरपर्यंत तिथे थांबली आणि मग मुंबईला परतली. तिने एकही जहाज बुडवलं नाही, म्हणून तिचं नाव फारसं निघत नाही. मला मात्र दारूगोळा हाताशी असताना हात आवरून बसलेली ती माणसं फार मोठी वाटतात.

विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर कुरसुरा आता संग्रहालय म्हणून उभी आहे. गोल दारातून वाकून आत शिरलो, तर पुढच्या भागात टॉर्पेडोंना खेटूनच झोपायच्या फळ्या! आताच्या पाणबुड्या तशा नाहीत गं आई. एसी असतो, गरम जेवण असतं. अंघोळीचं पाणी तेवढं बेतानं वापरायचं. आणि अडचणीच्या जागेचं म्हणशील, तर घडवंचीखाली लपून तुला रडकुंडीला आणणारा मीच ना?

आता ऐका. समुद्रावर असताना आठवडेच्या आठवडे फोन येणार नाही. त्याचा अर्थ सगळं ठीक आहे, एवढाच घ्यायचा. रात्री बातम्या लावून बसायचं नाही. आई, बीपीची गोळी दिवसाआड नाही, रोज. आणि बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढे ढकलायचं नाही. डॉक्टरांशी मी बोललोय, ताई सोबत येईल.

तुमचा,
बाळू