परड्यातल्या दोन खोल्यांचा नकाशा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपतीला गावी जाऊन आलो आणि आल्या आल्या हे पत्र लिहायला बसलो. विषय लहान आहे, चारशे चौरस फुटांचा: गावातल्या छोट्या घरांसाठी आधीच तपासून मंजूर केलेले तयार नकाशे का असू नयेत?

माझं बालपण आणि संसार दोन्ही नायगावच्या सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत झाले. आता निवृत्तीनंतर रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी, जुन्या घराच्या परड्यात दोन खोल्या आणि पुढे पडवी एवढं बांधावं असं आम्हा नवरा-बायकोच्या मनात आहे. जुन्या घरात भावाचं कुटुंब आणि ८४ वर्षांची आई. संडास अंगणापलीकडे. जुलैच्या पावसात रात्री आईवर छत्री धरून न्यावं लागतं. नव्या खोल्यांत संडास-न्हाणी आत घ्यायची आणि आईला तिकडे आणायचं, एवढाच बेत.

नकाशा एका इंजिनीअरकडून काढून घेतला. पंधरा हजार रुपये दिले. घरी येऊन उलगडला तर घर ओळखीचं वाटलं. वाटणारच, ते शेजारच्या वाडीतल्या एकाने मागच्या वर्षी बांधलेलं घर होतं! नावाची चौकट तेवढी बदललेली. उत्तरेचा बाणसुद्धा त्यांच्याच घराचा, त्यामुळे आमच्या नकाशात सूर्य दक्षिणेला उगवत होता आणि पडवी नेमकी नैऋत्येला, जिकडून पावसाची झड येते तिकडे उघडी. वर कौलांऐवजी सपाट स्लॅब. कोकणात सपाट स्लॅब घालायचा आणि तो गळू लागला की त्यावर पत्र्याची शेड उभारायची, हा आता जणू कुळाचारच झाला आहे.

पुढे तो नकाशा कार्यालयातून चार वेळा परत आला. एकदा हद्दीपासूनचं अंतर लिहिलेलं नाही म्हणून, एकदा शोषखड्डा दाखवलेला नाही म्हणून. त्रुटी खऱ्या होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण चारही त्रुटी पहिल्याच खेपेला सांगायला काय हरकत होती? गावात राहणारा माणूस सायकलवर टांग टाकून जाऊन येतो. चाकरमान्याला दादरहून मध्यरात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकडावी लागते, आणि साहेब दौऱ्यावर असले तर तसंच मागे फिरावं लागतं.

माझी धाकटी बहीण वर्षातले काही महिने मुलाकडे कॅलिफोर्नियात असते. त्याने घरामागच्या मोकळ्या जागेत तिच्यासाठी छोटं घर बांधलं. तिकडे अशा घराला सरळ आजीचं घर म्हणतात. त्याचा नकाशा भाच्याने स्थानिक प्रशासनाच्या संकेतस्थळावरून निवडला. लॉस एंजेलिस शहराने असे आधीच तपासून मंजूर केलेले नकाशे २०२१ साली खुले केले. २०२३ मध्ये राज्याने कायदाच केला की १ जानेवारी २०२५ पर्यंत प्रत्येक स्थानिक प्रशासनाने अशी सोय करायची, मंजूर नकाशे संकेतस्थळावर लावायचे आणि ते ज्याचे आहेत त्याचा संपर्कही सोबत द्यायचा. आर्किटेक्टला त्याचे पैसे मिळतात, त्याचं काम कुणी ढापत नाही. असा नकाशा घेतला तर अर्जाचा निकाल ३० दिवसांत; एरवी मुदत ६० दिवसांची. घर आतून कसं आहे हे पुन्हा तपासत बसत नाहीत. जागेपुरतं पाहतात: हद्द, उतार, पाया, सांडपाणी.

आपल्याकडे नियम फार वाईट आहेत असं नाही. शासनाने २०२१ मध्ये ग्रामीण भागात ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामासाठी नगररचनाकाराकडे जाण्याची अट काढली, काम ग्रामपंचायतीच्या पातळीवर आणलं. पण नकाशा हवाच, आणि तो नियमात बसतो असा परवानाधारक अभियंत्याचा दाखलाही हवा. तिथेच घोडं अडतं. तयार नकाशे आजही चालतातच की, फक्त गुपचूप आणि प्रत्येकाकडून नव्याने पूर्ण पैसे घेऊन. मग ते उजळ माथ्याने का चालू नयेत? जिल्हा परिषदेने पाच-सहा चांगले नकाशे एकदाच तपासून घ्यावेत, अंदाजपत्रकासह ऑनलाइन ठेवावेत, आणि ज्याने काढले त्याला दर वापरामागे ठरलेलं शुल्क मिळावं.

मात्र ते नकाशे कोकणासाठी कोकण ओळखणाऱ्यांनीच काढावेत. जांभ्याच्या भिंती, पुरेसा उतार असलेलं छप्पर, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील अशी वळचण, म्हाताऱ्या माणसाला पाय उचलावा लागणार नाही असा उंबरा. छप्पर भिंतीला कसं जखडायचं याचं स्वतंत्र चित्र. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे किती घरांवरची कौलं आणि पत्रे उडाले ते आम्ही विसरलेलो नाही. आणि सोलापूरला हेच नकाशे पाठवू नयेत. सरकारी नमुन्याचं भय मलाही आहे. आमच्या बीडीडीच्या चार वसाहतींत मिळून २०७ इमारती होत्या आणि बहुतेक सगळीकडे तीच खोली. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं सरळ रेषेत उभी राहिली. लोकांनी मग जमेल तसं पुढेमागे जोडून त्यांची आपापली घरं केली. म्हणून निवड हवी, आणि पडवी कुठल्या बाजूला घ्यायची हे मालकाला ठरवता यावं.

केंद्राच्या ग्रामीण आवास योजनेसाठी प्रदेशानुसार घरांचे नमुने याआधी तयार झालेले आहेत. ते घरकुलांपुरतेच का ठेवायचे? सुरुवात तिथूनही करता येईल.

सातबाऱ्यावरच्या चौदा नावांचं काय, असं कोणी विचारील. त्यावर कुठल्याही नकाशाचा उतारा नाही. आमचं परडं गावठाणात आहे म्हणून बिनशेतीची भानगड नव्हती, तरी भाईंदरच्या चुलतभावाची संमती मिळवायला दोन गणपती आणि एक शिमगा गेला. तो आमचा घरचा मामला, सरकारला दोष नाही.

आमचा नकाशा आता पाचव्यांदा दाखल झाला आहे. या वेळी बाण उत्तरेलाच आहे. मोबाइलमधलं होकायंत्र परड्यात धरून मी स्वतः पाहिलं.

आपला,
एक चाकरमानी
नायगाव, मुंबई