खोपोलीजवळच्या थीम पार्कमधील ताईंना, नाशिकहून

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. निघताना गडबडीत आपले आभार धड मानता आले नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र.

आमच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहण्याचा विकार आहे. त्याला सगळे समजते, पण अचानक मोठा आवाज झाला की तो दचकतो, अंग ताठ होते आणि बराच वेळ सैल पडत नाही. याआधी एका करमणूक केंद्राच्या तिकीट खिडकीवर ‘याला घरी ठेवायचे होते, तुमचा तरी दिवस चांगला गेला असता’ असे ऐकून आम्ही आल्या पावली परतलो होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा. त्याच्या 29व्या कलमात इतरांच्या बरोबरीने करमणुकीत सहभागी होण्याचा हक्कही आला आहे. पण मागे रांग ताटकळत असताना खिडकीवरच्या माणसाला कलम कोण वाचून दाखवणार?

आपल्या पार्कमध्ये येण्याआधी फोनवर बोलणे झाले तेव्हा आपण आजाराविषयी खोदून विचारले नाही. तो आधाराशिवाय बसतो का, मान किती वेळ धरतो, एवढेच विचारलेत. ज्या राइडमध्ये स्वतःला सावरून बसावे लागते त्यांना सरळ नाही म्हणालात, आणि तो नकार मला मुळीच लागला नाही, कारण त्यामागे त्याच्या जिवाची काळजी होती. स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी टेपने मोजून कळवलीत. मोठ्या झालेल्या मुलाचे कपडे बदलायला त्याला आडवे करावे लागते, हे तर मला सांगावेही लागले नाही.

पण खरे ऋण आहे ते त्या ध्वनिमुद्रणाचे. अंधाऱ्या राइडमधला आवाज आपण स्वतः आत बसून मोबाइलवर टिपलात आणि जिथे जिथे स्फोट होतो, त्याच्या क्षणभर आधी हळूच ‘आता’ म्हणालात. इंदिरानगरच्या आमच्या घरात तो ‘आता’ रोज संध्याकाळी वाजू लागला. सुरुवातीला मुलगा माझा हात घट्ट धरायचा, पुढे पुढे ‘आता’ आपल्याआधी स्वतःच म्हणू लागला. प्रत्यक्ष राइडमध्येही तो प्रत्येक वेळी ओरडला आणि शेजारची अनोळखी मुले दचकली तेव्हा हा खदखदून हसत होता.

हे काम आपल्याला कोणी सांगितले नव्हते. अशी माणसे आहेत म्हणून आमच्यासारख्यांना घराबाहेर पडण्याचे बळ येते.

पत्राची एक प्रत आपल्या वरिष्ठांना पाठवत आहे. नाशिकला येणे झाले तर आमच्याकडे जेवल्याशिवाय जायचे नाही.

आपली कृतज्ञ,
एक आई
इंदिरानगर, नाशिक