बास नको, आपला चणक सांभाळा

महोदय,

साळावली आणि अंजुणे धरणांत अमेरिकेतला ‘स्मॉलमाउथ बास’ हा मासा सोडावा, म्हणजे हिवाळ्यात गळ टाकायला परदेशी पाहुणे गोव्यात येतील, अशी सूचना एका वाचकाने आपल्या वृत्तपत्रातून केली आहे. हेतू चांगला असेल. पण माझी सगळी नोकरी फेरीबोटीवर गेली, आता निवृत्त होऊन चोडणला राहतो आणि अजूनही सुकतीला (ओहोटीला) गरी घेऊन धक्क्यावर बसतो. त्यामुळे हे वाचून गप्प राहवेना.

तो मासा मी हातात धरलेला आहे. माझा पुतण्या पेनसिल्व्हेनियात असतो. डिसेंबरात त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्याने मला हॅरिसबर्गच्या वरच्या अंगाला सस्क्वेहाना नदीवर नेले. पात्र मांडवीपेक्षा रुंद, पण उथळ आणि खडकाळ. पाणी ४ अंशांच्या आसपास. रॉडच्या कड्यांत बर्फ धरायचा, तो बोटांनी मोडून काढावा लागे. मी भरती-सुकतीच्या ओढीवर गरवणारा माणूस, सवयीने दोरी भराभर गुंडाळू लागलो. पुतण्या म्हणे, “काका, सावकाश. अजून सावकाश. आता हलवूच नका.”

त्याचे खरे होते. पाणी १० अंशांच्या खाली उतरले की या माशाचे सगळे अंगच मंदावते. खाल्लेले पचायला फार वेळ लागतो, मग तो भक्ष्यामागे धावेल कशाला? उन्हाळ्यात खळखळत्या पाण्यात पांगलेले मासे थंडीत खोल डोहात, प्रवाह मरतो तिथे, खडकाच्या आडोशाला एकत्र येऊन बसतात. म्हणून केसांचा झुपका बांधलेली, शिसे ओतलेली बारीक गरी तळाला टेकवायची, वीतभर सरकवायची आणि थांबायचे. झटका येतच नाही. ओला पाचोळा अडकावा तशी दोरी जड होते, तेवढ्यावर रॉड उचलायचा. आपल्या खाडीतल्या चणक माशाच्या दणक्याची सवय असलेल्याला हे आधी समजतच नाही.

पितळी झाक, अंगावर उभे पट्टे, लालसर डोळा, लांबी दीड फुटाच्या आतबाहेर. थंड नदीतला एवढा मासा दहा वर्षांचाही असू शकतो, असे पुतण्याने सांगितले. फोटोसाठी त्याने तो वर उचलू दिला नाही. हवा शून्याखाली असली की कल्ले आणि डोळे गोठतात, म्हणून गरी पाण्यातच सोडवली. घरी नेऊन तळायचा नाही का, हे मी विचारलेच (गोंयकार आहे). नाही म्हणाला. २००५ साली त्या नदीत बासची पिल्ले रोगाने मोठ्या प्रमाणावर मेली आणि पुढे २०११ पासून नदीच्या लांबच लांब पट्ट्यात धरलेला बास तिथल्या तिथे सोडण्याचा नियम झाला. हिवाळ्यात तर याला आणखी अर्थ आहे. आजूबाजूचे मासे एका डोहात जमलेले असताना ज्याला तो डोह सापडला, तो चार दिवसांत त्यांचा फडशा पाडू शकतो.

आता साळावलीकडे येऊ. स्मॉलमाउथ अंडी घालतो ते पाणी साधारण १५ ते १८ अंशांवर असताना. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे धुक्यामुळे फेरी अडते, कानटोपी निघते, पण पाणी तेवढे गार होत नाही. म्हणजे सोडलेला मासा इथे वंश वाढवणार नाही. माझी भीती त्याच्या पुढची आहे. हा जगत नाही म्हटल्यावर कोणीतरी त्याचा भाऊबंद लार्जमाउथ आणून सोडील, आणि त्याला उबदार पाणी चालते.

दक्षिण आफ्रिकेत १९३७ साली गळ टाकण्याच्या हौसेसाठीच स्मॉलमाउथ नेला. तिथल्या सीडरबर्ग डोंगरातल्या राँडेगॅट नदीत तो जिथवर पोचला, तिथले लहान देशी मासे संपले. शेवटी २०१२ आणि २०१३ मध्ये सरकारी यंत्रणेला नदीच्या चार किलोमीटरच्या टप्प्यात औषध घालून बास मारावा लागला, तेव्हा कुठे वरच्या अंगाचे देशी मासे पुन्हा खाली उतरले. एवढासा टप्पा, तिथे ते जमले. म्हादईच्या (म्हणजे मांडवीच्या) खोऱ्यात हे कोण निस्तरणार? पहिल्या पावसात ओहोळांतून शेतात चढणारे आपले चढणीचे मासे बोट-दोन बोटे लांबीचे. बासला तर आयतेच ताट. सस्क्वेहानातला बाससुद्धा मूळचा तिथला नव्हे, दीडशे वर्षांपूर्वी आणून सोडलेला आहे, हेही सांगून टाकतो. तो तिथे रुळला म्हणून इथेही रुळवावा असे होत नाही. तिलापिया १९५२ साली भारतात आणला, आज खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीवर, म्हणजे पाण्याच्या दारावर, जाळे काढले की आपल्या काळुंदर माशांच्या जोडीने तो येतोच.

पाहुण्यांना मासाच दाखवायचा तर चणक काय कमी आहे? ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामंडी म्हणतात आणि त्याच्यासाठी लोक विमानाने जातात. थंडीत चणकही आळसावतो. पोर्तुगीज काळातल्या जुन्या बांधाला लागून किंवा पुलाच्या खांबाच्या सावलीत पडून राहतो, ऊन वर आल्याशिवाय तोंड उघडत नाही. सस्क्वेहानावरची सावकाशी मी इथे वापरून पाहिली आहे. जिवंत सुंगट (कोळंबी) असो वा रबरी मासा, खांबाजवळ नुसता लोंबकळत ठेवला तर पहाटेही चणक घेतो. आमच्या धक्क्यावरची तरुण मुले मात्र रीळ गरागरा फिरवतात आणि नदीत मासा उरला नाही म्हणतात.

उरला कमीच आहे, हेही खरे. चणक आधी नर असतो आणि काही वर्षांनी, चांगला वाढल्यावर, मादी होतो. बाजारात ज्या दहा-बारा किलोच्या धुडाभोवती गर्दी जमते, ती बहुधा मादीच, लाखो अंडी देणारी. क्वीन्सलंडमध्ये ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान आणि १२० पेक्षा मोठा बारामंडी ठेवता येत नाही, आणि पूर्व किनाऱ्यावर विणीच्या काळात, १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी, तो धरायलाच बंदी असते. आपली १ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक होड्यांसाठी. याच पावसात चणक अंडी घालायला नदीच्या मुखाकडे उतरतो, तेव्हा धक्क्यावरून गरवणाऱ्याला ती बंदी लागत नाही.

मत्स्योद्योग खात्याने गरीवर धरलेल्या चणकाला खालची आणि वरची, दोन्ही मापे ठरवून द्यावीत आणि ती प्रत्येक फेरी धक्क्यावर मराठी-कोंकणीत रंगवावीत. कोणी माप मोडले तर दंड किती, तेही त्याच फळीवर लिहावे. रंगाचा खर्च परवडत नसेल तर चोडणच्या धक्क्यापुरता मी करीन.

– एक निवृत्त फेरीबोट कर्मचारी, चोडण