झाडावर ठेवलेल्या एका फुलासाठी

ती. काकूंना सा. नमस्कार,

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गो" म्हणत चहा टाकायला उठता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

दापोलीला तुमच्या मागच्या खोलीत राहायला आले तेव्हा मिरग लागून आठवडा झाला होता. अगदी जवळून फोटो काढायची नवी १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, आणि फुलांचे फोटो काढायचा नुसता उत्साह. जास्वंदीवर बाटलीने पाणी मारत होते, तेव्हा तुम्ही ओटीवरून म्हणालात, "अगो, पाऊस येतोच आहे. थांब की जरा."

थांबले, आणि फरक दिसला. बाटलीचं पाणी सगळीकडे सारखं बसतं, घामोळ्यासारखं. पावसाचं पाणी पाकळीच्या शिरांवरून वाट काढत टोकाशी येतं आणि तिथे थेंब धरतं. पागोळ्या थांबल्या की पुढची पंधरा मिनिटं आपली, हेही तुमच्याकडूनच कळलं. सोनटक्का संध्याकाळी, गुलबक्षी चारनंतर, प्राजक्त उजाडायच्या आत. परसातली ही वेळापत्रकं तुम्हाला तोंडपाठ.

पण हे पत्र जास्वंदीसाठी आहे. तिचं फूल एका दिवसाचं. सात वाजता तुमची परडी भरायची आणि झाड रिकामं व्हायचं, गणपतीसाठी. एकदा मला उठायला उशीर झाला. रिकामं झाड बघून काही न बोलता आत गेले. दुसऱ्या दिवसापासून विहिरीकडच्या फांदीवर एक फूल राहू लागलं. रोज. पुष्कळ दिवसांनी विचारलं तेव्हा म्हणालात, "देवाला मोजून लागत नाहीत हो फुलं."

फांदीही तुम्ही विचार करून निवडली होतीत. तिथे घराची भिंत आडवी येते, वारा लागत नाही. फुलाचा एखादा भाग कॅमेऱ्याच्या सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा टिपायचा तर लेन्सचं छिद्र बारीक करून एफ ११ ला ठेवूनही जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो. पाकळी तांदळाच्या दाण्याएवढी हलली तरी फोटो गेला. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. फूल हललं की मी श्वास सोडते, एवढं तुम्ही पाहिलं होतंत.

जुलैतली ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. सर ओसरली आणि एकदम लख्ख ऊन पडलं. ओल्या पाकळ्या इतक्या चमकायला लागल्या की लाल रंगच दिसेना. तुम्ही आत जाऊन काकांचं जुनं धोतर आणलंत, फुलामागे उभ्या राहिलात आणि ते दोन्ही हातांनी वर ताणून धरलंत. उजेड दुधासारखा मऊ झाला. फुलाच्या मधल्या दांड्याला भिजून गोळा झालेले पिवळे पराग, टोकाला मखमलीचे पाच लाल ठिपके, आणि त्यातल्या खालच्या ठिपक्याला लोंबणारा एक थेंब. त्या थेंबात उलटं तुळशीवृंदावन होतं, आणि शेजारी तुमच्या साडीचा हिरवा रंग. थेंबाची कड स्पष्ट धरली की आतलं चित्र पुसट व्हायचं, कारण ती उलटी प्रतिमा थेंबाच्या किंचित पुढे पडते. केसभर मागे सरकले आणि तुम्ही दिसलात. तोवर तुमचे हात अर्धा तास वर होते. खांदा दुखतो हे तुम्ही नंतरही सांगितलं नाहीत, मला ते काकांकडून कळलं.

आणि तो पापडाचा डबा! कोकणातल्या दमटपणात लेन्सला बुरशी धरते. तुम्ही पापड दुसरीकडे हलवून घट्ट झाकणाचा डबा मला दिलात. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह लेन्स अजून त्यातच राहते, आणि काच अजून स्वच्छ आहे.

तो फोटो मोठा करून पाठवला आहे. ओटीवर लावा, पण झड लागणार नाही अशा भिंतीला. उजव्या बाजूचा हिरवा ठिपका म्हणजे तुम्ही, काकांना दाखवा. श्रावणात येते आहे. विहिरीकडची फांदी तेवढी छाटू देऊ नका.

तुमची,
मागच्या खोलीतली