हत्तीचे पाय पाहायला शिकविणाऱ्या डॉक्टरसाहेबांना

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सादर प्रणाम.

मथुरेजवळील ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या वन्यजीव बचाव संस्थेच्या हत्ती केंद्रात स्वयंसेविका म्हणून काम करून मी सोलापूरला परतले, तेव्हा घरी येऊन मी आपले आभार मानलेच होते. तरीही हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण निघण्यापूर्वी आपण मला जे शिकविलेत, ते अशा सेवेला जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानी पडावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

हत्तींविषयी मी पुष्कळ वाचले होते, पण हत्ती पाहावा कसा, हे मला आपण दाखविलेत. “आधी पाय पाहा,” असे सांगून आपण कागदावर आकृती काढलीत. बोटांच्या मागे, टाचेखाली चरबीची आणि तंतूंची जाड गादी असते व काही टनांचा भार ती झेलते. मातीसाठी घडलेली ही गादी डांबरी रस्त्यावर वर्षानुवर्षे झिजली, की तळव्याला भेगा पडतात, नखे तडकतात आणि आत पू होतो. साखळीने एकाच जागी बांधलेल्या, स्वतःच्याच मलमूत्रात उभ्या राहणाऱ्या हत्तीचे तळवे तर सडू लागतात.

तेथे एक म्हातारी हत्तीण होती, जिचे आयुष्य रस्त्यावर भीक मागण्यात गेले होते. उभी राहिली की ती पुढचा उजवा पाय किंचित बाजूला टाकून सगळा भार डाव्यावर घेई, आणि हे पहिल्याच दिवशी माझ्या ध्यानात आले ते केवळ आपल्यामुळे. रोज सकाळी ती लोखंडी गजांमधून पाय पुढे करी. एक जण कोमट औषधी पाण्याने तो धुऊन नख कानशीने घाशी आणि दुसरा तिला केळी भरवी. तिने पाय मागे घेतला, तर ती पुन्हा पुढे करीपर्यंत दोघेही थांबत. २०१८ साली याच केंद्राजवळ देशातील पहिले हत्ती रुग्णालय सुरू झाले, त्यामुळे पायाच्या हाडांचा एक्स-रेही आता तेथेच निघतो.

हत्तीला हात लावायला मिळणार नाही, हे आपण आधीच बजावले होते; जेथे पर्यटकांना हत्तीच्या पाठीवर बसवतात, त्या जागेला हत्तींचे आश्रयस्थान म्हणू नये, असेही आपण म्हणाला होतात. माझे काम कलिंगडे आणि भोपळे चिरणे, हिरवा चारा वाहणे आणि लीद उचलणे हेच होते. मोठा हत्ती दिवसाला सुमारे १५० किलो चारा खातो आणि त्यातला निम्माही त्याला पचत नाही, तेव्हा लीद किती निघते हे वेगळे सांगायला नको. ती फोडून पाहायलाही आपणच सांगितले होते. हत्तीला आयुष्यभरात दाढांचे सहा संच येतात; शेवटचा झिजला, की चारा नीट चावला जात नाही आणि लिदीत लांबच लांब धागे दिसू लागतात. त्या हत्तिणीच्या लिदीत मला तसे धागे दिसले, तेव्हा मी ते देखभाल करणाऱ्या काकांच्या कानावर घातले. तिच्यासाठी चारा बारीक कुटून देण्याचे काम त्यानंतर त्यांनी माझ्याकडे सोपविले. इतक्या विश्वासाचे काम मला मिळाले, त्याचे श्रेय आपले आहे.

आपल्या सोलापुरात दारी हत्ती आला, की त्याच्या सोंडेत नाणे ठेवून डोके पुढे करण्याची रीत मी लहानपणापासून पाहिली आहे. त्यामागची श्रद्धा खरी आहे, म्हणूनच शेजारच्या आयाबायांना मी आता त्याचे पाय दाखवीन आणि नाण्याऐवजी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करण्याची विनंती करीन.

येत्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयातील दोन मुली मथुरेला जाऊ इच्छितात. आधी आपल्याकडे येऊन शिकून घ्या, असे मी आपल्याला न विचारताच त्यांना सांगून ठेवले आहे. आपल्या सवडीने त्यांना एखादी संध्याकाळ द्यावी, ही नम्र विनंती.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी, सोलापूर