रविवारची भाजी आणि थिसिस

नागपूर,
डिसेंबरचा दुसरा रविवार, रात्री

प्रिय पक्या,

तुझं पत्र मिळालं. मेल नाही, मेसेज नाही, चक्क चार पानं, तीही पाठपोट! म्हणून उत्तरही कागदावरच लिहून राहिलो. अक्षर लागलं नाही तर फोन कर, वाचून दाखवीन.

तू लिहितोस की पीएचडीला लागल्यापासून कॅन्टीनचं खाऊन जिभेची चव गेली, जुने मित्र फोन करत नाहीत (तू तरी कुठं करतोस?), आणि आईनं घेऊन दिलेली इंडक्शन शेगडी अजून खोक्यातच आहे. आणि वर मला विचारतोस, "तू सगळं कसं जमवतो बे?" सगळं जमवतो हे आधी डोक्यातून काढ. मी क्रिकेट सोडलं, वेब सिरीज सोडल्या, लग्नकार्यांना बाबांना पुढं करतो. जे उरलं ते जमवतो. पण जेवण आणि माणसं या दोन गोष्टी सोडल्या नाहीत, त्याबद्दल सांगतो.

वेळ मिळत नाही, असं तू तीनदा लिहिलंस. मला वाटतं तुझी अडचण वेळेची नाहीच. नोकरीवाल्याचा दिवस सहा वाजता संपतो, दुकानदाराचा शटर ओढलं की संपतो. आपला संपतच नाही. नियम म्हणतो, कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. मधल्या कोणत्याही संध्याकाळी कोणी येऊन म्हणत नाही की बाबू, आजचं झालं, जा घरी. लॅबमधून निघालो तरी डोक्यात रीडिंगच. जेवताना ताटाशेजारी पेपर उघडा. माझंही पहिल्या वर्षी हेच चाललं होतं. मग डब्यावाल्या बाईंनी दिवाळीला गावी जायचं म्हणून डबा बंद केला आणि मी नाइलाजानं कुकर लावला. कांदा चिरताना ग्राफचा विचार करता येत नाही, बोट कापतं. तेव्हापासून माझा दिवस कांदा हातात घेतला की संपतो. त्यानंतर गाईडचा मेसेज आला तरी सकाळी पाहतो.

माझ्या थिसिसचं, म्हणजे लाखोळीच्या डाळीचं काय चाललंय, हेही विचारलंस. चाललंय. तुला ठाऊकच आहे, आमच्या भंडाऱ्याकडं धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोळी फेकून देतात, ना नांगरट, ना पाणी. गरिबाची डाळ. पण त्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं. दुष्काळात माणसं महिनोन्‌महिने फक्त लाखोळीवर राहिली की त्यानं पाय लुळे पडायचे. म्हणून 1961 साली विक्रीवर बंदी आली. आपल्या नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारींनी ती उठावी म्हणून वर्षानुवर्षं भांडण मांडलं, आणि महाराष्ट्रानं 2008 मध्ये ती उठवली. बंदी होती तेव्हाही आमच्या घरी हिवाळ्यात लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी व्हायचीच, कोणाच्या बापाला विचारलं नाही. तर मी सध्या डाळ भिजवून, पाणी फेकून, किती ओडॅप निघून जातो ते मोजतो. अर्क पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळायचा, रंग आणणारं रसायन टाकायचं, पिवळा रंग आला की 420 नॅनोमीटरच्या प्रकाशात तो किती गडद ते मोजायचं. हा ओडॅप पाण्यात विरघळतो, सगळी मेख तिथं आहे. आजी गरम पाण्यात डाळ भिजवून ते पाणी फेकून द्यायची. तिला काऊन विचारलं तर म्हणायची, "असंच करत असतात." आता तिचं "असंच" आलेखावर बसवायला मला फेलोशिप मिळते.

मिळते म्हणजे, कागदावर मिळते. हाती कधी पडेल त्याचा नेम नाही. मध्ये इतके महिने अडकली की कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं माझ्या नावानं वेगळी वहीच उघडली. माणूस भला, एकदाही तोंड वाकडं केलं नाही. फक्त दर वेळी तांदूळ मोजता मोजता विचारतो, "डॉक्टरसाहेब, झाले का डॉक्टर?" पैसे अडकले तेव्हा एक कळलं. डबा महिन्याच्या महिन्याला रोख मागतो, घरचा स्वयंपाक थांबायला तयार असतो. तांदूळ घरून येतो, गावचं कोणी ना कोणी एसटीनं गणेशपेठला उतरत असतंच. उरतं तेल, तिखट, भाजी. संध्याकाळी उशिरा गोकुळपेठच्या बाजारात गेलं की वांगी, पालक, मुळे उतरत्या भावात मिळतात, आणि सांभाराची, म्हणजे तुमच्या पुण्याकडच्या कोथिंबिरीची, जुडी वरून.

रोजचं माझं जेवण ऐकशील तर हसशील. कुकरमध्ये खाली तुरीची डाळ, वर भात. डाळ घोटून तिला लसूण-मिरचीची फोडणी. कंटाळा आला त्या दिवशी चून. बेसन पाण्यात कालवून ठेवायचं, तेलात जिरं, लसूण, हिरवी मिरची, कांदा, हळद, मग कालवलेलं बेसन ओतून हलवत राहायचं. गुठळी झाली तर झाली, कोणाला दाखवायचं आहे? झाकण ठेवून वाफ आली की सांभार. पंधरा-वीस मिनिटांत माणूस जेवायला बसतो. पोळ्या मी शेजारच्या काकूंकडून घेतो. भाकरी अजून गोल येत नाही आणि मी त्याचं दुःखही करत नाही. तूही पोळ्यांच्या नादी लागू नको. नवशिक्याचा सगळा हुरूप पोळीत मरतो.

मे महिन्याचं मात्र काही विचारू नको. पारा पंचेचाळीसच्या वर, खोलीत कूलर लावला की गॅसची ज्योत विझते, बंद केला की आपणच विझतो. तेव्हा सकाळी सातच्या आत काय ते रांधून घ्यायचं आणि रात्री ताकभात-कांदा. दोन महिने मी कोणाला जेवायला बोलावत नाही, आणि कोणी येतही नाही.

आता माणसांचं. हा भाग जरा लांबेल.

तुला वाटतं मित्रांसाठी वेळ काढावा लागतो. मला ते पटेनासं झालंय. वेळ काढून भेटायचं ठरवलं की ते पाहुण्यासारखं होतं. शंकरनगरला भेटू, कॉफी घेऊ, दोघंही तासभर "बाकी काय चाललंय" म्हणतो आणि मेट्रोनं आपापल्या घरी. पुढची भेट चार महिन्यांनी. त्यापेक्षा रविवारी जे मला एरवीही करायचंच आहे, त्यात त्यांना ओढतो. बाजार, निवडणं, चिरणं, भांडी. इथं यायचं तर काम करायचं. नुसता जेवायला येणारा दुसऱ्यांदा येत नाही, ओशाळतो. काम करणारा मात्र हक्कानं येतो.

सध्याची मंडळी सांगतो. मास्तर तुला आठवत असेल, तोच, होस्टेलला रात्री दोनला कविता ऐकवणारा. तो आता एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासांप्रमाणे पैसे घेऊन, शिकवतो आणि उरलेल्या वेळात थिसिस लिहितो. भाकरी तो थापतो, आणि अशी थापतो की काकूसुद्धा डोकावून गेल्या. दुसऱ्या भूगोलवाल्या ताई. लग्न झालेल्या, मुलगी चार वर्षांची. ती पोरगी कणकेचे साप करत बसते आणि ताई दोन तास कोणाची आई-सून नसतात. म्हणाल्या, "आठवड्यात हे एवढंच जेवण असं, जे वाढायला मला उठावं लागत नाही." तिसरा लंब्या, गडचिरोलीचा, बोलतो कमी, खातो जास्त, भांडी मात्र लखलखीत घासतो. आणि अधूनमधून इतवारीचा आपला शाळेतला दोस्त. त्याचं दुकान आहे, त्याला आपलं काही कळत नाही आणि तो ते लपवत नाही. "अजून किती शिकतं बे? पोरगी कोण देईन तुले?" पण येताना एखाद्या भोजनालयातून सावजी मटणाचा डबा घेऊन येतो. रस्सा असा की डोळ्यातून पाणी आणि नाकातून धूर. त्या दिवशी आम्ही फक्त भात लावतो आणि त्याचे सगळे प्रश्न माफ करतो.

आज सोले होते, तुरीचे ओले दाणे. तुरीच्या शेंगांनी बाजार हिरवागार झालाय. पिशवीभर शेंगा वर्तमानपत्रावर ओतल्या आणि सगळे गोल करून बसलो. तुला माहीतच आहे, शेंग सोलणं हे अक्कल न लागणारं काम. अंगठ्यानं शिवण दाबायची, दाणे वाटीत, साल कागदावर, मध्येच एखादी अळी निघाली की ताई किंचाळतात आणि त्यांची पोरगी ती अळी मागते. पिशवीभर शेंगांतून वाटीभर दाणे निघायला तास जातो. या तासात माणसं जे बोलतात ते चहाच्या टेबलावर बोलत नाहीत, कारण कोणी कोणाच्या तोंडाकडं पाहत नसतं. मास्तर शेंगेकडं पाहत म्हणाला, या सत्रात त्याचे तास कमी केले. घरी सांगितलं नाही. कोणी "अरेरे" केलं नाही. लंब्यानं फक्त त्याच्या पुढ्यातल्या शेंगा आपल्याकडं ओढून घेतल्या. थोड्या वेळानं ताईंनी त्यांच्या ओळखीच्या एका कॉलेजात जागा निघतेय असं सांगितलं. मग सगळ्यांनी मिळून अर्जाचं बोलणं केलं.

सोले कोरड्या कढईत थोडे भाजले, डाग पडेपर्यंत. मग आलं, लसूण, हिरवी मिरची घालून पाट्यावर जाडसर ठेचले. मिक्सर आहे, पण मास्तर लावू देत नाही, म्हणतो लगदा होतो आणि ते खरं आहे. तेल जरा सढळ, कांदा लाल, हळद, ठेचलेले सोले त्यात परतले की सगळ्या जिन्यात वास जातो. मग गरम पाणी घालून रटरटू द्यायचं आणि तेल वर आलं की मीठ चाखायचं. आज मीठ ताईंच्या पोरीनं चाखलं. "कमी आहे," म्हणाली. कमीच होतं.

आमचा एकच कायदा आहे. भाजी उकळी फुटेपर्यंत "थिसिस कुठवर आला?" हा प्रश्न कोणी विचारायचा नाही. जेवल्यावर विचारा, तेव्हा माणूस सोसू शकतो. जेवणानंतर आम्ही खरंच एकमेकांची पानं वाचतो. माझा पहिला चॅप्टर लंब्यानं वाचला, त्याचा विषय समाजशास्त्र. म्हणाला, "यात शेतकरी कुठं आहे?" आठवडाभर मी चिडलेलो होतो, मग प्रस्तावना नव्यानं लिहिली.

तू पुण्यात काय करशील याचा विचार करत होतो. तिथं आपलं कोणी नाही, असं तू लिहिलंस. मजल्यावर माणसं तर असतील? शेगडी खोक्यातून काढ. तीन लिटरचा कुकर घे, एक कढई, एक सुरी, बस. आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खोलीचं दार वाजव. "जेवायला ये" म्हणू नको, पुणेकर असेल तर दचकेल. "लसूण सोलून देतोस का?" म्हण. त्यानं आमटी केली आणि तीत गूळ टाकला तर गपगुमान खा, निदान पहिला महिना. पुढं तिखटाचा डबा त्याच्यासमोर ठेवायला तू मोकळा आहेस.

आणि हो, रोज करायचं व्रत घेऊ नको. प्रयोग रात्री अकरापर्यंत चालला त्या दिवशी मीही सरळ बाहेर खातो. सकाळी तर्री पोहे खाऊन लॅबला जाणं हा माझा धर्मच आहे, त्याला घरी पर्याय नाही आणि मी शोधतही नाही. रोज घरचंच खाणारे आणि त्याचे फोटो टाकणारे लोक मला जरा संशयास्पद वाटतात.

जानेवारीत ये. संक्रांतीच्या आसपास ये, तोवर सोले असतात, पुढं शेंगा वाळतात. आता पुण्याहून इथल्या अजनी स्टेशनपर्यंत वंदे भारत आहे, सकाळी बसलास की संध्याकाळी माझ्या खोलीवर. बाकरवडी आणू नको, मागच्या वेळची लंब्यानं एकट्यानं संपवली आणि कोणाला कळू दिलं नाही. त्याऐवजी तुझा लिटरेचर रिव्ह्यू छापून आण, कितीही कच्चा असो. ताई वाचून देईन म्हणाल्यात, आणि त्या पेन्सिल घेऊन वाचतात, मन घट्ट करून ये. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या

ता. क. इंडक्शनवर ॲल्युमिनियमची कढई चालत नाही, गोल बुडाचीही नाही. दुकानात चुंबक घेऊन जा, बुडाला चिकटला तरच घे. आणि तिकीट काढलं की तारीख कळव, शेंगा जास्त आणून ठेवतो. सोलायच्या तूच.