पाळणा नंबर सात

आई, अप्पा,

फोनवर अप्पा दोन मिनिटात "बरं ठेवतो, जप तब्येतीला" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो, म्हणून लिहायला बसलेय. आई, तू वाचून दाखव, नाहीतर चष्मा सापडत नाही म्हणून ठेवून देतील.

बारक्या म्हणाला शेडमधलं आपल्या जत्रेतल्या चाकाचं उरलेलं लोखंड पण भंगारात द्यायचं ठरलंय. द्या, माझी ना नाही. मार्च २०२० ला जत्रा बंद पडल्या तेव्हापासून ते गंजतंय आणि अप्पांच्या गुडघ्यांना आता बारा पाळण्यांचं चाक उभं करायला सांगणारी मी कोण. पण सात नंबरचा पाळणा आणि ती बुडबुड्याची पाणसळ मला पाहिजे.

सात नंबरच का ते अप्पांना माहितीये. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर दुपारी गिऱ्हाईक नसायचं, एखादं जोडपं यायचं, ते एक नंबरात बसलं की अप्पा ओरडायचे "सात नंबर, चढा रे" आणि आम्ही दोघं हातातला पेरू टाकून पळायचो. समोरासमोर वजन पाहिजे ना, नाहीतर चाक एका बाजूला ओढ घेतं. शाळेत पोरींना वाटायचं हिची काय मजा, फुकट पाळणा! मला मळमळायचं अप्पा, खरं सांगते, आणि उतरायची सोय नाही कारण ते जोडपं उतरेपर्यंत वजन हलायचं नाही. किती तरी नवीन लग्न झालेल्यांच्या समोर मी डोळे मिटून बसलेय.

पण वर थांबलं की छान वाटायचं हे पण खरं. तिकडे सिद्धेश्वराचं तळं, देऊळ, आणि बरोबर खाली आई तिकिटाची पेटी मांडीवर घेऊन सुट्टे मोजतेय, वरून तुझा फक्त भांग दिसायचा. तेवढ्या गर्दीत तो भांग मी बरोबर शोधायचे. पुसेगावच्या जत्रेत रथावर माणसं नोटा लावायची ते पण मी वरूनच बघितलेलं आठवतंय, का बारक्याने सांगितलेलं मला माझं वाटतंय कुणास ठाऊक. माळेगाव आणि पुसेगाव दोन्ही जत्रा मार्गशीर्ष वद्यातच, त्यामुळे यंदा कुठे जायचं यावर तुमचं दरवर्षी वाजायचं तेवढं मात्र पक्कं आठवतंय. जिंकायची आईच.

परवा नेटवर वाचलं, पहिला मोठा पाळणा १८९३ ला शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअरने उभा केला, २६४ फूट उंच, छत्तीस डबे आणि एका डब्यात साठ माणसं. अप्पा म्हणतील डिझेल किती लागत असेल. डिझेल नव्हतंच, वाफेवर चालायचा. आणि त्याचं पण शेवटी भंगारच झालं, १९०६ ला सुरुंग लावून पाडला. पण त्याचे फोटो आहेत, मापं लिहून ठेवलेली आहेत. आपल्या चाकाचा एक फोटो नाही ज्यात पूर्ण चाक आलंय, सगळ्यात आमचीच तोंडं.

म्हणून मी एक वही केलीय. आधी लाकडी ओंडके, मग पाणसळ, बुडबुडा मधोमध आल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाही. मग आस, मग पहिला आरा, लगेच त्याच्या समोरचा आरा. इथपर्यंत काढलंय आणि अडकलेय, तिसरा कुठला लावायचा? शेजारचा का काटकोनातला? आणि रोज सकाळी तुम्ही पान्याने प्रत्येक बोल्ट ठोकत फिरायचा, ठण्ण वाजला तर पुढे, बद्द वाजला तर परत आवळायचा, तो आवाज वहीत कसा लिहू सांगा. त्यासाठी मोबाईलवर रेकॉर्डिंगच करणार आहे, उगाच लाजू नका, लोखंडाची कसली आठवण ठेवायची हे वाक्य आधीच म्हणून घ्या म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये यायचं नाही.

रविवारी सकाळच्या एसटीने येतेय. भंगारवाल्याला सोमवारच्या पुढे बोलवा. पाळणा पुण्यातल्या फ्लॅटच्या दारातून आत जाईल की नाही ते मी बघते, टेप घेऊन मोजलंय, दोन इंच कमी पडतंय, दार काढावं लागेल बहुतेक.

आणि आई, तिकिटाची पेटी हरवली म्हणतेस ना? बारक्याने सांगितलं तू त्यात चहापत्ती ठेवतेस. रिकामी करून ठेव.

तुमची,
सात नंबर